पंचफुलाची झांज

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी अंगणात बसून तुरीच्या उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. पंचफुला आणि मी. मध्ये जर्मनचं गंज, म्हणजे पातेलं, बाजूला सालपटांचा ढीग. शेंगांत मीठ कमी होतं. मी म्हटलं, "मीठ नाही."

ती म्हणाली, "दाण्यात आहे. तुमी सालपटं चाटून राह्यले तं कसं लागन?"

शेंगा संपल्यावर मी सालपटं बकरीपुढे टाकली, तिनं गंज घासलं. बायकोसोबत केलेलं माझं शेवटचं काम हे. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही.

आता लोक भेटतात आणि तिच्याबद्दल गोड गोड बोलतात. "मोठी सोशिक होती," म्हणतात. "कोणाले उलटून बोलली नाही," म्हणतात. मेलेल्या माणसावर असा शेंदूर फासायची सवयच आहे लोकांना. सोशिक नव्हती ती. उलटून बोलायची आणि मोठ्यानं बोलायची. माझी बायको ड्रम वाजवायची. आमच्या भागात दुसरी बाई ड्रम वाजवताना मी तरी पाहिली नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, म्हणून लिहिणं बोलल्यासारखंच होणार. पण खोटं होणार नाही.

आमचं गाव घाटंजीच्या बाजूला. गावात आमची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नाला, विहारातल्या कार्यक्रमाला आम्ही गाणी म्हणायचो. माझा चुलतभाऊ दादाराव पेटी वाजवायचा आणि गायचा, म्हणून पार्टी त्याची. माझं काम सामानाचं. उचलणं, जोडणं, सोडणं, पुन्हा उचलणं. वाजवण्यात माझा हात कधी बसला नाही. ड्रमचा सेट वणीच्या एका मोडलेल्या बँडकडून आणलेला होता: पायानं वाजवायचा मोठा ढोल, दोन लहान ढोल, आणि स्टँडवर उभ्या दोन पितळी झांजा.

मग कापसाची ती वाईट वर्षं लागली. बोंडात अळी, बाजारात भाव नाही. ड्रम वाजवणारा गडी सुरतेला कामाला निघून गेला. जयंती तोंडावर आली होती. आमच्याच अंगणात प्रॅक्टिस चालायची आणि पंचफुला चुलीपुढे भाकरी थापत ऐकायची. एक दिवस ती उठली, हाताचं पीठ झटकलं, लुगड्याचा काचा नीट खोचला आणि जाऊन स्टुलावर बसली.

दादाराव म्हणाला, "वहिनी, उठा. ते बायाचं काम नाही."

"काहून? ढोलाले मिशा आहेत का?"

सगळे हसले. दादाराव हसला नाही. त्या दिवसापासून ती गेली तोवर त्यांचं एकच भांडण होतं. तिला स्टुलावरून उठवायचं होतं त्याला, आणि तिला उठायचं नव्हतं.

बसल्यावर आधी तिनं वाजवलंच नाही. आधी तिनं झांजेचा नट ढिला केला. हे जरा सांगावं लागेल. झांजेच्या मधल्या भोकातून स्टँडची दांडी वर निघते. तिच्यावर दोन कान असलेला नट फिरवतात, झांज निसटू नये म्हणून. जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वाजवायचो. रस्त्यात खड्डे. म्हणून आधीचा गडी तो नट पक्कडीनं आवळून ठेवायचा. इतका की झांज आणि स्टँड एकच लोखंड झाल्यासारखं. पंचफुलानं नट सैल केला तशी झांज सुपासारखी डुलायला लागली.

"पडन ना ते!" दादाराव ओरडला.

"पडत नाही. डुलन. डुलू द्या तिले."

आणि तिनं काडी मारली. आवाज निघाला तो थांबेना. शेजारच्या कोंबड्या फडफडल्या. ती दादारावकडे पाहून म्हणाली, "इतकी वर्सं तुमी तिचा गळा धरला होता भाऊजी, आन वरून म्हणत होते, गाणं म्हण."

मग तिनं झांजा खाली केल्या. गड्यानं त्या उंच लावल्या होत्या, लोकांना चमकलेल्या दिसाव्यात म्हणून. पंचफुलाला दर वेळी हात डोक्याच्या वर न्यावा लागला असता. तिनं दोन्ही कोपराच्या उंचीला आणल्या आणि थोड्या आपल्याकडे कलत्या केल्या. जास्त नाही. जास्त कलली की काडीचं टोक काठात रुततं, असं तिचं म्हणणं. दादाराव म्हणाला, "खाली असली तं लोकाले दिसत नाही." ती म्हणाली, "लोकं झांज पाह्याले येतेत का ऐकाले? पाह्याचंच असन तं भिताडाले टांगा."

तिचा हात कापूस वेचणारा होता. वेचणीला जोर चालत नाही. बोंडाची टोकं बोटं फाडतात. चिमटीनं हळूच धरायचं आणि एका झटक्यात पांढरं काढायचं. काडीही ती तशीच धरायची. गडी झांज बडवायचा, ही झांजेवरून काहीतरी वेचून घ्यायची.

तिच्या कमरेला एक बटवा असायचा. त्यात सुपारी, तंबाखू, चुना, आणि झांजांचे नट. सगळं एकत्र. एकदा एका लग्नात बोलता बोलता तिनं सुपारी म्हणून नटच तोंडात टाकला. चावला. जीव गेल्यासारखा चेहरा केला, मग काढला, पदराला पुसला आणि दांडीवर बसवला. नवरदेवाच्या मामानं पाहिलं. ती त्याला म्हणाली, "पाह्यता काय जी? चव पाहून लावा लागते."

झांज आणि स्टँड यांच्यामध्ये मऊ काहीतरी लागतं, नाहीतर लोखंड पितळेला खातं. भोक मोठं होतं आणि तिथूनच झांज तडकते. दुकानात नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या मिळतात. आमच्याजवळ नव्हत्या. पंचफुलानं कवडी घेतली. कवडी म्हणजे अळीनं खाल्लेल्या बोंडातला पिवळा, चिवट कापूस. व्यापारी त्याच्याकडे पाहतही नाही, आणि त्या वर्षांत घरोघरी तोच पडून होता. तिनं तो ठोकून ठोकून दाबला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात भरला, दाट टाके घातले आणि मध्ये भोक ठेवलं. वर एक गादी, खाली एक गादी, मध्ये झांज. दांडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. मी म्हटलं, "याले कोण विचारते?" ती म्हणाली, "कोणी विचारत नाही म्हणून तं घेतलं. आता ऐकतेत तं खरं." आमच्या गावचा तो नासका कापूस जिल्हाभर वाजत फिरला. बाजारानं नाही घेतला तर नाही घेतला.

घाटंजीच्या वेल्डरकडून तिनं बोअरच्या जुन्या पाइपाचा एक स्टँड करून घेतला होता. असा जड की उचलताना माझी कंबर धरायची. ट्रॉलीवर ती त्याचे पाय सुतळीनं कठड्याला बांधायची, वरची झांज मात्र मोकळी. "पाय घट्ट, मुंडकं ढिलं," हे तिचं वाक्य. एकदा ढोलकीवाल्यानं विचारलं, "आन माणसाचं, काकू?" ती म्हणाली, "माणसाचं उलटंच पाह्यलं बाप्पा मी. मुंडकं घट्ट, आन पाय जिकडं वारा तिकडं."

एका जयंतीच्या आधी दादारावनं सगळे स्टँड निळ्या ऑइलपेंटनं रंगवले. हौसेनं रंगवले. पाय, दांड्या, सगळं. नट फिरतो ते दांडीचे आटेसुद्धा. रंग वाळला आणि नट जागेवर घट्ट बसले. ना आवळता येत, ना सोडता येत. झांज मारली की परातीसारखी टक्क. पंचफुला विळा घेऊन बसली आणि आट्यांतला रंग खरवडायला लागली. दादाराव विहारातून धावत आला. मागे चार माणसं.

"वहिनी! निळ्यावर विळा चालवून राह्यल्या?"

"झेंड्यावर नाही चालवला. आट्यावर चालवला."

"लोकं काय म्हणतीन?"

"लोकाले सांगा, निळा डोक्यात ठेवा. आट्यात जाऊन बसला तं जयंतीले झांज वाजत नाही. मुकी झांज घेऊन मिरवणूक काढता का?"

चार माणसांतला एक म्हातारा म्हणाला, "बाई बरोबर म्हणते बे," आणि तोच तिच्याजवळ बसून दुसरा नट सोडायला लागला. दादाराव पाय आपटत गेला. पण त्यानं ते मनात धरलं. पुढं तो नागपुराहून एक नवा स्टँड घेऊन आला. चकचकीत, हलका, एका हातानं उचलता येणारा. आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, स्टँडनं काही फरक पडत नाही. झांज म्हणजे झांज. कायले तं ते बोअरचं धूड आमच्या दादाच्या कंबरेवर देता?"

"पडते फरक. डोळे बांधून सांगतो."

"नाही सांगता आलं तं?"

"तं काड्या खाली ठेवतो. तुमी बसवा कोणाले बसवाचं ते."

बाहेर सगळी पार्टी जमली. भर दुपारी अंगणात सोलापुरी चादर बांधली. चादरीमागं दोन स्टँड, एक जड, एक हलका. झांज तीच, गाद्या त्याच, नट तेवढाच ढिला. दादाराव झांज एकदा इकडे लावायचा, एकदा तिकडे, आणि काडी मारायचा. पंचफुला पाठ करून बसलेली. "जड," म्हणाली. हलका होता. "हलका," म्हणाली. जड होता. कधी बरोबर, कधी चूक. नाणं उडवल्यासारखं. पोरं खिदळायला लागली. मलाही हसू आलं, कारण तिचा चेहरा जवारीच्या कणसावर गारा पडल्यासारखा झाला होता.

दादाराव चादरीबाहेर आला. "हरल्या, वहिनी. शब्द दिलता."

ती उठली. चादर बाजूला सारली. काडी घेऊन आधी हलक्यावर वाजवलं, मग जडावर. मग पुन्हा हलक्यावर, चांगलं जलद. मग म्हणाली, "ऐकाले सारखंच येते. मी चुकली."

"मंग ठेवा काड्या."

"थांबा ना. ऐकाले सारखं आहे, वाजवाले नाही. हा नवा पाह्य, मारलं की मागं सरकते, मंग पुढची काडी कुठं मारू? हवेत? जडावर मारलं तं झांज डुलून तठीच परत येते, हातात येते. फरक मनगटाले समजते. तुमी मनगटाले विचारलंच नाही, कानाले विचारलं." आणि तिनं नट गच्च आवळला आणि मारलं. ठक. "आन हे? हे तं बहिऱ्यालेही समजन. नटानं आवाज मरते, स्टँडनं हात मरते. आज शिकली मी."

"ते राहू द्या. शब्दाचं काय?"

"मोडला."

"काय?"

"शब्द मोडला, भाऊजी. हरली आन मोडला. आता सांगा गावात, पंचफुलानं शब्द मोडला म्हणून." आणि ती स्टुलावर बसली.

लोक मला विचारतात, स्टँडनं झांजेत फरक पडतो का. मी सांगतो, अर्धा पडतो आणि अर्धा नाही. तिला अर्धं आधी माहीत होतं, अर्धं त्या दिवशी समजलं. आणि शब्द मोडल्याबद्दल ज्यांना बोलायचं ते बोलोत. ज्या शब्दानं बाईचे हात बांधले जातात तो मोडलेलाच बरा, असं माझं मत आहे. ते मी कोणाला पटवत बसत नाही.

त्या वर्षांत बोलावणी कमी झाली. आज या गावात दुखवटा, उद्या त्या गावात. टीव्हीवाले गाडी घेऊन यायचे, विधवांना दारात उभ्या करायचे, फोटो काढायचे आणि जायचे. लोक म्हणायचे, अशा दिवसांत वाजवता कसे? एक दिवस पलीकडच्या गावची एक बाई आमच्या घरी आली. तिचा नवरा पोळ्याच्या आधी गेलेला. कसा गेला ते त्या वर्षांत कोणी विचारत नव्हतं. पोरीचं लग्न ठरलं होतं. ती म्हणाली, "घरचे म्हणतेत, वाजंत्री नको. मले पायजे. पोरगी काही मेली नाही."

पंचफुला म्हणाली, "येतो आम्ही."

लग्नाच्या दिवशी भर दुपारी विहारापुढे मांडव. दादारावनं पेटीवर सूर धरला, पंचफुलानं ठेका सुरू केला. इतक्यात नवरीचा काका, मेलेल्याचा सख्खा भाऊ, माणसं बाजूला सारत आला आणि त्यानं झांज दोन्ही हातांनी धरली.

"बंद करा! माहा भाऊ मेला, आन तुमी वाजवता? लाज नाही वाटत?"

पेटी थांबली. ढोलकी थांबली. पंचफुलानं धरलेल्या झांजेवर हळूच काडी मारली. ठक.

"वाटते ना भाऊ," ती म्हणाली. "बाप गेला म्हणून पोरीले मुक्यानं धाडाचं, त्याची लाज वाटते."

नवरीची आई मांडवातून म्हणाली, "भाऊजी, मीच बोलावलं त्यायले."

त्यानं झांज सोडली नाही. पंचफुलानं दादारावला मानेनं खूण केली आणि ठेका धरला. झांजेची पाळी आली की त्या धरलेल्या झांजेवरच मारायची. ठक. गाणं पुढे गेलं. ठक. दुसरी झांज मोकळी होती, पण तिच्यावर तिनं मारलं नाही. त्या माणसाच्या हातातल्या झांजेवरच मारत राहिली, त्याच्याकडे न पाहता, जशी ओळीनं वेचणी करावी तशी. हळूहळू त्या 'ठक'ला मागून थोडा आवाज फुटायला लागला. मग आणखी. त्याची बोटं कधी सुटली ते त्यालाही कळलं नसेल. झांज मांडवभर वाजली आणि तो तिथंच स्टँडजवळ उभा राहून रडला. कोणी त्याला हलवलं नाही. पंगतीत त्यानं स्वतः पंचफुलाच्या पानावर वरण वाढलं. ती म्हणाली, "अजून वाढा. कंजुषी करता काय?"

दादारावनं शेवटी पॅड आणलं. ते रबराच्या चौकोनांचं मशीन, काडी मारली की स्पीकरमधून ढोल, झांज, जे पाहिजे ते वाजतं. त्याचा भाचा त्यावर वाजवणार. "वहिनी, आता तुमाले आराम," दादाराव म्हणाला. आवाज खोटा नव्हता त्याचा. तिच्या गुडघ्याचं दुखणं त्यालाही दिसत होतं.

पंचफुलानं त्या रबरावर काडी मारून पाहिली. स्पीकरमधून झांज वाजली. चांगली वाजली. तिनं काडी परत दिली. "मस्त वाजते," म्हणाली. "पण मारल्यावर मागून काहीच येत नाही. भिताडाशी बोलल्यावानी लागते."

"जमाना हाच आहे आता."

"असू द्या जमाना. पॅड तुमचं, सेट माहा. दोन्ही चालन."

असं दोन्ही चाललं. भाचा पॅडवर, ती सेटवर. कार्यक्रमाला निघताना दादाराव दर वेळी म्हणायचा, "आज सेट राहू द्या, गाडीत जागा नाही." ती आधीच गाडीत सेटजवळ बसलेली असायची.

त्या संध्याकाळी शेंगा खाऊन झाल्यावर ती दारात उभी होती. दातात शेंगेची शीर अडकली होती, ती काडीनं काढत होती. एक डोळा मिटलेला, तोंड वाकडं. मी पाहत होतो.

"काय पाह्यता जी?"

"काही नाही."

ती आत गेली. एवढंच.

पहाटे मी हाक मारली, ती बोलली नाही. दुपारी आम्ही तिला नेलं. गाव आलं. वंदना झाली. दादाराव पोरासारखा रडला, हेही लिहून ठेवतो, कारण तेही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो दारापुढे उभा राहिला. एका लग्नाचं बोलावणं आधीच घेतलेलं होतं, मोडता येत नव्हतं. दादाराव खाली उतरला. मान खाली घालून म्हणाला, "दादा, आम्ही पॅडवर भागवून येतो. तुमी आराम करा. सेट राहू द्या आता."

मी पडवीतून जड स्टँड काढला आणि टेम्पोत ठेवला. मग दुसरा. मग ढोल. बाया दारात जमल्या. माझी मोठी बहीण ओरडली, "अरे, काल जाळून आला तिले, आन आज वाजवाले चालला? लोकं थुंकतीन!"

"थुंकू दे."

"दुखवट्याचं जलदान तं होऊ दे!"

"ते परवा आहे. लग्न आज आहे."

मी टेम्पोत चढलो. दादारावनं मागची फळी लावली. मांडवात मी सेट जोडला, जसा इतकी वर्षं जोडत आलो तसा. जोडून झालं की मी बाजूला होत असे. त्या दिवशी झालो नाही. स्टूल माझ्या अंगाला ठेंगणं पडत होतं. भाचा पॅडवरून माझ्याकडे पाहत राहिला. काड्या कशा धराव्यात तेही मला नीट येत नव्हतं.

नवरीकडची एक बाई पुढे आली. "वाजवणारी बाई कुठं आहे जी? पोरीले तिलेच पाह्याचं होतं."

"काल मेली," मी म्हटलं.

बाईनं तोंडावर पदर घेतला. दादारावनं पेटीचा भाता ओढला. मी ठेका चुकीचा धरला, आणि धरला तो सोडला नाही.